कुंपणच जेव्हा शेत खाते : अमानतीतील खयानत आणि तिची शिक्षा



गेल्या वर्षी मगरिबच्या नमाजेनंतर जमाअतीतील चार जाणती माणसे माझ्या हुजऱ्यात आली. आपल्याच मोहल्ल्यातील एका करसल्लागाराला न्यायालयाने दोषी ठरवले होते. शिक्षा किती द्यावी, यावर सुनावणी व्हायची होती. या गृहस्थांकडे अनेकांनी पैसे ठेवायला दिले होते : कोणी हजसाठी साठवलेले, कोणी मुलीच्या लग्नाचे, एका विधवा भगिनीने पतीच्या निधनानंतर मिळालेले. ते पैसे त्यांनी स्वतःच्या व्यवहारात वापरले आणि कित्येक वर्षे खोट्या पावत्या देऊन सर्वांना निश्चिंत ठेवले. मशिदीचा वजूखाना मात्र त्यांनीच बांधून दिला होता. आलेल्या मंडळींची विनंती एवढीच होती की, ‘हा माणूस नमाजी आहे, दानशूर आहे, त्याला सौम्य शिक्षा व्हावी,’ असे पत्र मी मशिदीच्या वतीने लिहून द्यावे.

मी दोन दिवसांची मुदत मागितली. खरे सांगायचे तर माझे मन नकाराकडे नव्हे, होकाराकडे झुकलेले होते. त्या वजूखान्यात मी रोज पाच वेळा वजू करतो. त्या दोन दिवसांत पवित्र कुरआन, हदीस आणि फिकहची पुस्तके पुन्हा उघडली. त्यांतून जे हाती लागले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण असे पत्र उद्या आपल्यापैकी कोणाकडेही मागितले जाऊ शकते.

अमानतीचे स्थान

सूरह निसाच्या ५८व्या आयतीत अल्लाहने आज्ञा दिली आहे की, अमानती ज्यांच्या आहेत त्यांच्या स्वाधीन करा. येथे मालक मुस्लिम असावा अशी अट नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्का सोडली, तेव्हा त्यांच्या जिवावर उठलेल्या मक्कावासीयांच्याच ठेवी त्यांच्याकडे होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले. शत्रूचा पैसाही शत्रूलाच पोहोचला पाहिजे, हा अमानतीचा अर्थ.

सूरह अन्फालच्या २७व्या आयतीत ईमानधारकांना अल्लाह व प्रेषितांशी खयानत करण्यास आणि जाणूनबुजून आपल्या अमानतींत खयानत करण्यास एकाच वाक्यात मनाई केली आहे. मुनाफिकाच्या खुणा सांगणाऱ्या प्रसिद्ध हदीसमध्येही खोटे बोलणे व वचन मोडणे यांच्या बरोबरीने अमानतीतील खयानत येते.

सार्वजनिक मालाच्या बाबतीत तर प्रेषितांची (स.) कठोरता अंगावर काटा आणणारी आहे. खैबरच्या मोहिमेनंतर मिदअम नावाचा एक सेवक बाण लागून मृत्यू पावला. लोक त्याला जन्नतची मुबारकबाद देऊ लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, वाटणीपूर्वी त्याने उचललेली चादर त्याच्यावर आग होऊन पेटत आहे. हे ऐकताच एक माणूस चपलेचे एक-दोन बंद घेऊन परत करायला धावत आला. या अपहाराला अरबीत ‘गुलूल’ म्हणतात. सूरह आले इमरानच्या १६१व्या आयतीनुसार, ज्याने गुलूल केले तो कयामतच्या दिवशी ती वस्तू घेऊनच हजर होईल.

मग हात कापण्याची शिक्षा का नाही?

येथे एक प्रश्न मनात येतो. चोराला शरीअतने हात कापण्याची ‘हद’, म्हणजे ठरवून दिलेली शिक्षा, सांगितली. मग लाखोंच्या ठेवी गिळणाऱ्याला ती का नाही? कारण हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनातून तिरमिजी, अबू दाऊद इत्यादी संग्रहांत आलेल्या हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) खयानत करणाऱ्यास, उघडपणे लुटणाऱ्यास आणि हिसकावून पळणाऱ्यास हात कापण्याची शिक्षा नाही, असे स्पष्ट केले आहे.

फकीहांनी याचे कारण ‘हिर्ज’ या संकल्पनेत शोधले. हिर्ज म्हणजे मालाची राखण : कुलूप, भिंत, पहारा. चोरीची हद लागू होण्यासाठी माल राखणीतून गुपचूप काढलेला असावा लागतो. ठेवीच्या बाबतीत मालकाने स्वतःच माल दुसऱ्याच्या हाती दिलेला असतो. राखणदार हीच तेथे राखण असते. तेव्हा हद लागू होण्याची एक अट अपुरी राहते, आणि जेथे शंका आहे तेथे हद टळते, हे तत्त्व सर्वमान्य आहे. कोकणातील आपले शाफई बांधव असोत की घाटावरील हनफी, ठेव पचवणाऱ्याच्या या प्रश्नी दोन्ही मजहबांचे मत एकच आहे.

परंतु वाचकहो, यातून ‘खयानत हा चोरीपेक्षा हलका गुन्हा आहे’ असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल. हद नसणे म्हणजे शिक्षा नसणे नव्हे. अशा गुन्ह्याला ‘ताजीर’ लागू होते. म्हणजे गुन्ह्याचे स्वरूप, नुकसान आणि गुन्हेगाराची स्थिती पाहून न्यायाधीशाने ठरवलेली शिक्षा : कैद, समज, पदावरून हकालपट्टी इत्यादी. भरपाई तर वेगळीच. फिकहनुसार ठेव सांभाळणाऱ्याचा हात हा ‘अमानतीचा हात’ असतो. घराला आग लागून ठेव जळाली आणि त्याचा काही दोष नसेल, तर त्याच्यावर भरपाई नाही. मात्र ज्या क्षणी तो मालकाच्या परवानगीविना त्या पैशाला हात लावतो, त्या क्षणी तो ‘जमानतीचा हात’ होतो आणि पै न् पैची जबाबदारी त्याच्यावर येते. ‘मी परत ठेवणारच होतो’ हे उत्तर तेथे चालत नाही.

वक्फच्या बाबतीत हनफी फकीहांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. मुतवल्ली खयानत करणारा ठरला तर त्याला दूर करणे काझीवर बंधनकारक आहे; ‘याला कोणी हटवू नये’ अशी अट खुद्द वक्फ करणाऱ्याने घातली असली तरीही. कारण जो विश्वास गमावतो, तो पदाचा हक्कही गमावतो.

आपल्या देशाचा कायदा

शिक्षा देणे हे राज्याच्या न्यायालयाचे काम आहे; ते कोणा व्यक्तीचे, जमाअतीचे किंवा मशीद समितीचे काम नाही. फिकहचेही हेच म्हणणे आहे. म्हणून आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

१८६०च्या भारतीय दंड संहितेत साध्या चोरीला कलम ३७९ नुसार कमाल ३ वर्षांची कैद होती. विश्वासघाताने केलेल्या अपहाराला, ज्याला कायदा ‘फौजदारी न्यासभंग’ म्हणतो, कलम ४०६ नुसार तेवढीच. पण हाच गुन्हा कारकुनाने वा नोकराने केला तर कलम ४०८ खाली ७ वर्षांपर्यंत. आणि लोकसेवक, बँकर, व्यापारी, अडत्या, दलाल, मुखत्यार किंवा अभिकर्ता यांनी आपल्या कामाच्या ओघात केला तर कलम ४०९ खाली १० वर्षांपर्यंत कैद किंवा थेट जन्मठेप. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे सारे कलम ३१६ मध्ये आले. तेथे साध्या न्यासभंगाची मर्यादा ५ वर्षांवर गेली आणि वरच्या पायरीवरची जन्मठेप कायम राहिली. शिवाय ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये वेगळा कायदा केला. त्यानुसार ठेवी बुडवणाऱ्या वित्तीय संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे पैसे फेडता येतात.

या पायऱ्या नीट पाहा. जसजसा विश्वास मोठा, तसतशी शिक्षेची मर्यादा वाढत जाते. साधी चोरी करणाऱ्या अनोळखी चोरापेक्षा, चावी आपणच ज्याच्या हाती दिली त्याचा गुन्हा कायद्याने जड मानला आहे. आपल्या मराठीत म्हणतात, कुंपणानेच शेत खाल्ले. शेतात शिरलेल्या गुराला हाकलता येते. कुंपणच खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची?

प्रतिष्ठा : सवलतीचे कारण की दोषाची भर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. दोषी ठरल्यावर शिक्षेविषयी आरोपीचे म्हणणे ऐकून घेण्याची तरतूद आपल्या कायद्यात आहे, आणि ती न्याय्यच आहे. तेथे सुशिक्षित व्यावसायिकाच्या वतीने नेहमी तेच मुद्दे मांडले जातात : पहिलाच गुन्हा आहे, समाजात मान आहे, अनेकांना मदत केली आहे, अब्रू गेली हीच शिक्षा पुरे.

माझ्याकडे आलेल्या मंडळींपैकी एका बुजुर्गांनी हदीसचाच दाखला दिला होता. अबू दाऊदमध्ये हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली ही हदीस आहे. तिच्यात प्रतिष्ठित लोकांच्या चुका, हद सोडून, पोटात घालण्यास सांगितले आहे. ‘येथे हद नाहीच, ताजीर आहे. मग माफ करायला हरकत काय?’ असा त्यांचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो. ताजीरच्या बाबतीत शिफारस करण्यास फकीहांनी वावही ठेवला आहे.

पण त्या हदीसमधला शब्द पाहावा. तेथे ‘अस्रा’ म्हटले आहे. अस्रा म्हणजे ठेच, अडखळणे. चालता चालता पाय घसरतो, ती ठेच. इमाम शाफई (रह.) यांनीही ‘प्रतिष्ठित’ म्हणजे ज्यांची दुष्कृत्यांसाठी ओळख नाही व ज्यांच्याकडून एखादी चूक घडते असे लोक, असा अर्थ सांगितला आहे. दर महिन्याला खोटी पावती लिहिणे, तीवर सही करणे, विधवेच्या हाती ती देताना तिची खुशाली विचारणे, हे वर्षानुवर्षे चालले असेल तर त्याला ठेच म्हणत नाहीत. तो चालण्याचा रस्ताच झाला. दुसरी गोष्ट, हा हक्क बंद्यांचा आहे. ज्याचा पैसा गेला तोच माफ करू शकतो. दुसऱ्याच्या पैशाबाबत मी दाखवलेले औदार्य हे औदार्य नव्हे.

याच्या जोडीला बनू मख्जूमच्या स्त्रीची हदीस वाचावी. कुरैशच्या या उच्चकुलीन स्त्रीसाठी शिफारस करायला लोकांनी हजरत उसामा (रजि.) यांना पाठवले. प्रेषितांचा (स.) चेहरा रागाने बदलला. त्यांनी खुतबा दिला की, तुमच्या पूर्वीचे लोक याच कारणाने नष्ट झाले : मोठ्या घरच्याने चोरी केली तर सोडून देत आणि दुबळ्याने केली तर शिक्षा करीत; आपली मुलगी फातिमा हिने चोरी केली असती तरी शिक्षा टळली नसती. सहीह मुस्लिमच्या एका कथनात या स्त्रीविषयी असेही आले आहे की, ती लोकांकडून वस्तू उसन्या घेई आणि नंतर नाकारी. म्हणजे तिचे वागणे खयानतीचेच होते. इमाम अहमद (रह.) यांच्याकडून नोंदवलेल्या एका प्रसिद्ध मतानुसार उसनी वस्तू नाकारणाऱ्यालाही हद लागू होते. बहुसंख्य फकीह म्हणतात की ते तिच्या सवयीचे वर्णन होते, शिक्षा प्रत्यक्ष चोरीची झाली. मतभेद शिक्षेच्या प्रकारात आहे. घराण्याकडे पाहून न्याय वाकवू नये, यात मतभेद नाही.

आपल्यापासून फार दूरच्या एका न्यायालयातही हाच प्रश्न उभा राहिला होता. न्यूयॉर्कचा बर्नार्ड मॅडॉफ हा शेअर बाजारातील नामांकित व्यावसायिक, नॅसडॅक या बाजाराचा माजी अध्यक्ष. नव्या गुंतवणूकदारांचे पैसे जुन्यांना ‘नफा’ म्हणून देत त्याने अब्जावधी डॉलरचा अपहार केला. तो ज्यू होता, आणि त्याच्या जाळ्यात सापडलेल्यांत ज्यू धर्मादाय संस्था मोठ्या संख्येने होत्या. आपल्यातलाच माणूस आहे, दानशूर आहे, हाच त्यांच्या विश्वासाचा आधार होता. मार्च २००९ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. त्याचे वय ७१, म्हणून वकिलाने १२ वर्षांची शिक्षा सुचवली. न्यायाधीश डेनी चिन यांनी २९ जून २००९ रोजी १५० वर्षांची दिली आणि निकाल देताना नोंदवले की, त्याच्या सत्कृत्यांची ग्वाही देणारे एकही पत्र आपल्याकडे आलेले नाही. मॅडॉफ २०२१ मध्ये कैदेतच वारला.

हा दाखला मी शिक्षेच्या आकड्यासाठी देत नाही. लक्षात घ्यायचे ते हे : करसल्लागार, वकील, बँकेचा अधिकारी, पतसंस्थेचा संचालक यांच्याकडे आपण पैसे का देतो? त्यांची पदवी पाहून, मान पाहून, पहिल्या सफेतील त्यांची जागा पाहून. चोराला पहार लागते, यांना प्रतिष्ठा लागते. ज्या प्रतिष्ठेच्या बळावर गुन्हा झाला, तीच शिक्षेच्या वेळी ढाल म्हणून पुढे करणे म्हणजे हत्यारालाच साक्षीदार करणे होय. आणि दान? इतरांच्या ठेवीतून केलेले दान हे त्या दात्याचे दान नव्हेच. अल्लाह पवित्र आहे आणि पवित्र तेच स्वीकारतो, हे हदीसने आपल्याला शिकवले आहे.

सूरह निसाच्या १०५व्या आयतीपासून पुढे अल्लाहने खयानत करणाऱ्यांची वकिली करू नका, अशी ताकीद दिली आहे. मुफस्सिरांनी या आयतींचा प्रसंग सांगितला आहे. मदीनेत एका मुसलमानाने चोरी केली, आळ एका निर्दोष ज्यूवर घातला, आणि नातलग त्याची बाजू घेऊन आले. वह्य उतरली ती त्या निर्दोष ज्यूच्या बाजूने. ‘आपला माणूस’ हा न्यायाचा निकष नाही, हे यातून कायमचे ठरले.

तौबा आणि भरपाई

म्हणजे अशा माणसासाठी दयेचे दार बंदच का? नाही. तौबेचे दार उघडे आहे. फक्त त्याला एक उंबरठा आहे. गुन्हा सोडणे, पश्चात्ताप होणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तीन अटींबरोबर बंद्यांच्या हक्कात चौथी अट येते : हक्क परत करणे किंवा हक्कदाराकडून माफी मिळवणे. हजारो रकअत नफिल या चौथ्या अटीची जागा घेऊ शकत नाहीत.

शिक्षेच्या वेळी काही पाहायचेच असेल तर ते हे पाहावे. त्याने घर, जमीन विकून किती परत केले? हिशेब स्वतः उघडा केला की लपवला? मॅडॉफच्या प्रकरणातही १५० वर्षांच्या कैदेने ठेवीदारांच्या हाती एक डॉलर आला नाही. तो आला न्यायालयाने नेमलेल्या विश्वस्तामुळे. घातलेल्यापेक्षा जास्त काढून घेणाऱ्यांकडून व इतरांकडून त्यांनी १४ अब्जांहून अधिक डॉलर वसूल केले. आपल्या कायद्यातही दंडातून पीडिताला भरपाई देण्याची तरतूद आहे. शिक्षा समाजासाठी असते, भरपाई पीडितासाठी. एक झाली म्हणून दुसरी टळत नाही.

आणि गुन्हेगाराच्या कुटुंबाचे काय? कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हे कुरआनचे वचन सूरह अन्आमच्या १६४व्या आयतीत आहे. त्याच्या मुलांना मदरशात टोमणे मारणे, पत्नीला सुखदुःखात टाळणे, हा आपला वेगळा गुन्हा ठरेल.

आपण काय करावे?

१) पैसे ठेवायला देताना लेखी घ्या. सूरह बकराच्या २८२व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची सविस्तर आज्ञा आहे. कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे; देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या ईमानाची ती राखण आहे.

२) अनाथांचा माल त्यांच्या स्वाधीन करताना साक्षीदार ठेवा, असे सूरह निसाच्या ६व्या आयतीत सांगितले आहे. अनाथाच्या पालकाला साक्षीदार लागतात, तर मशीद, मदरसा व जमाअतीच्या खजिनदाराला का नकोत? बँक खात्यावर दोन सह्या, दर वर्षी हिशेबतपासणी आणि जुमाच्या दिवशी फलकावर जमाखर्च, एवढे प्रत्येक जमाअतीला सहज शक्य आहे.

३) भेटवस्तूंपासून सावध राहा. जकात गोळा करून आलेल्या इब्नुल लुतबिय्या यांनी ‘हे तुमचे आणि हे मला भेट मिळाले’ म्हटले, तेव्हा प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले की, हा आपल्या आईबापाच्या घरी बसला असता तर त्याला या भेटी मिळाल्या असत्या का?

४) ‘हलाल नफा’ हे शब्द ऐकून डोळे मिटू नका. दर महिन्याला ठरलेला, कधीच न घटणारा नफा कोठून येतो, हे विचारा.

५) फसवले गेलात तर लाजेने गप्प बसू नका. तक्रार करणे ही गीबत नव्हे. अन्याय झालेल्याला तो बोलून दाखवण्याची मुभा सूरह निसाच्या १४८व्या आयतीने दिली आहे.

दोन दिवसांनी मंडळी परत आली. मी पत्र लिहिले होते, पण ते न्यायालयासाठी नव्हते. ते त्या गृहस्थांसाठी होते. आपल्या नावावर जे काही आहे ते निकालापूर्वी ठेवीदारांच्या स्वाधीन करावे, सर्वांत आधी त्या विधवा भगिनीचे, आणि मग न्यायालय जी शिक्षा देईल ती कबूल करावी, असे त्यात लिहिले होते. सौम्य शिक्षेच्या विनंतीवर मी सही केली नाही. एक बुजुर्ग कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे दुःख मला समजते. तो त्यांचा बालमित्र आहे. पण नमाजेनंतर स्त्रियांच्या दाराशी ती भगिनी दिसते, तेव्हा तिच्या सलामाला उत्तर देताना माझी मान खाली जात नाही.

अल्लाह आपल्या सर्वांना अमानत सांभाळण्याची ताकद देवो, ज्यांचे हक्क बुडाले त्यांना ते परत मिळवून देवो, ज्यांच्या हातून खयानत घडली त्यांना खरी तौबा नशीब करो, आणि न्यायाच्या वेळी आपल्याला आपल्याच माणसांविरुद्धही सरळ उभे राहण्याचे धैर्य देवो. आमीन.